अडलेली घागर

आमच्या घरात एका माणसाची घागर पन्नास वर्षं भरली गेली नाही. का भरली जात नाही, हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. खरं कारण मात्र कुणालाच ठाऊक नव्हतं, आम्हालासुद्धा. आम्ही म्हणजे मी आणि माझी जिजी.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमच्याकडे खानदेशात गेलेल्या माणसांच्या नावानं पाण्याची घागर भरतात. कुंभाराकडून नवी घागर आणायची, भरून पाटावर ठेवायची, वर खरबूज, आंबा आणि सांजोरी ठेवायची. मग घरातला कर्ता पुरुष गोवऱ्यांच्या निखाऱ्यांवर पुरणपोळीचा घास टाकतो, त्याला आगारी म्हणतात. वैशाखातल्या उन्हात मेलेल्यांनाही तहान लागत असेल, वर्षातून एकदा त्यांना पोटभर पाणी मिळावं, एवढाच त्यातला भाव. मी इतिहास शिकवतो, देवाधर्माच्या बाबतीत जरा तिरकसच आहे, पण आखाजी कधी चुकवली नाही. आमच्या घरात तीन घागरी असत. आजोबांची, आजीची आणि माझ्या आईची. चौथी माझ्या काकांची, झुलाल वना पाटील यांची, असायला हवी होती.

काका मराठा पलटणीत शिपाई होते. त्रेचाळीस सालच्या शेवटी इटलीत सांग्रो नावाच्या नदीवर लढाई झाली, तिथं ते बेपत्ता झाले. तसा सरकारी कागद गावात आला. माझ्या वडिलांनी, भाईदासनानांनी, तो ओट्यावर बसून सगळ्यांना वाचून दाखवला. घरात चौथी शिकलेले ते एकटेच. काकांची बायको भागाबाई तेव्हा एकोणीस वर्षांची होती, पोरबाळ नव्हतं. पंचेचाळीस साली मी जन्मलो आणि त्याच दिवशी माझी आई गेली. तेव्हापासून भागाबाईनं मला वाढवलं. तीच माझी जिजी. सख्ख्या आईचा माझ्याकडे फोटोसुद्धा नाही, आणि खरं सांगायचं तर कधी उणीवही वाटली नाही.

बेपत्ता माणसाच्या बायकोनं काय करायचं, हे कुठल्या पोथीत लिहिलेलं नाही. जिजीनं कुंकू ठेवलं, मंगळसूत्र ठेवलं. हळदीकुंकवाला तिला बोलावणं यायचं, पण ती समोर आली की बायकांचा हात जरा अडखळायचा. नव्या नवरीची ओटी भरायची वेळ आली की कुणीतरी म्हणायचं, मोठी वहिनी, तू जरा चुलीकडे बघ. ती उठून चुलीकडे जायची. मी लहान असताना मला या बायकांचा असा संताप यायचा की एकदा मी एकीच्या ताटात माती टाकली होती. जिजीनं मला बडवलं आणि त्या बाईची माफी मागितली.

आमच्या समाजात तेव्हा पाट लावत, म्हणजे विधवेचं दुसरं लग्न करून देत. शेहेचाळीस साली जिजीचे वडील तापीपलीकडून बैलगाडी जुंपून तिला न्यायला आले होते. चोपड्याकडचा एक विधुर शेतकरी तयार होता. जिजीनं उंबऱ्यात उभं राहून बापाला सांगितलं की माझा नवरा जिवंत आहे, मी सवाशीण आहे. बाप आल्या पावली परत गेला आणि पुन्हा कधी आला नाही. ही गोष्ट गावात सगळे अभिमानानं सांगत. मीसुद्धा माझ्या वर्गात निष्ठा म्हणजे काय, हे समजावताना नाव न घेता ती सांगायचो. पोरं डोळे मोठे करून ऐकायची.

दरवर्षी आखाजीच्या आदल्या दिवशी जिजी नानांना विचारायची. तिचा एकच प्रश्न आणि नानांचं एकच उत्तर.

"नाना, यंदा त्यास्नी घागर आनू का?"

"जित्या मानूसनी घागर भरतस का कोनी? उद्या भाऊ दारमा उभा ऱ्हायना, तं काय तोंड दखाडसूत त्याले?"

जिजी मान हलवायची आणि पीठ मळायला बसायची. कधीकधी पुटपुटायची, "जित्ता नसी तं तिसना मरी ऱ्हायना व्हई तो." नसेलच जिवंत, तर पन्नास वर्षं तहानेलाच आहे. तिला सगळ्यात जास्त तेच खायचं. बाई एकटी राहिली, राबली, म्हातारी झाली, त्याबद्दल ती कधी बोलली नाही. पण आपण इथं माठातलं गार पाणी पितो आणि त्याला थेंब नाही, हे तिला सहन होत नव्हतं.

आता इटलीच्या सहलीबद्दल.

मी धुळ्याच्या एका हायस्कुलात शिकवत होतो. त्र्याण्णव साली मी नववीच्या पोरांना एक काम लावलं. धुळे-जळगावच्या खेड्यांतून दुसऱ्या महायुद्धात कोण कोण गेलं, त्यांची यादी करायची. पोरं सायकलींवर हिंडली, म्हाताऱ्यांना भेटली, एकशे सत्तेचाळीस नावं घेऊन आली. मी ती यादी दिल्लीला कुठल्याशा कार्यालयात पाठवली आणि विसरून गेलो. आणि एके दिवशी इटलीहून पत्र आलं. लढाईला पन्नास वर्षं झाली म्हणून तिकडच्या एका गावानं देशोदेशीच्या शाळांना बोलावलं होतं. विमानाचं भाडं त्यांचं, राहणं त्यांच्या शाळेत. बारा विद्यार्थी आणि दोन शिक्षक. आमच्या मुख्याध्यापकांनी ते पत्र तीनदा वाचून घेतलं. त्यांना वाटलं, मीच चावटपणा करतोय.

पासपोर्टासाठी झालेली पळापळ सांगत बसत नाही. पण एक सांगतो. बारा पोरांपैकी नऊ जणांनी रेल्वेनं भुसावळच्या पुढे पाऊल टाकलेलं नव्हतं, आणि ती इटलीला निघाली होती. सोबत मराठीच्या प्रमिलाबाई मॅडम होत्या. त्यांनी शेव, दशम्या आणि मिरचीचा ठेचा एवढा बांधून घेतला की मी चिडून म्हणालो, आपण लढायला निघालोय का? त्या म्हणाल्या, "सर, उपाशीपोटी तुमचा राग आणखी वाढतो, ते पोरांना सोसायचं नाही."

निघायच्या आधी गावी गेलो. नाना ओट्यावर खाटेवर बसले होते. ऐकल्याबरोबर कपाळाला आठ्या.

"कसाले जास रे तेवढा दूर? मुडदास्ना गावमा काय देखनं शे?"

मला वाटलं, म्हाताऱ्याला विमानाची भीती वाटतेय. मी हसलो. नाना हसले नाहीत. उठून खळ्याकडे निघून गेले.

जिजीनं मला आत बोलावलं. जातं ठेवलेल्या कोपऱ्यात ती बसली होती. तिथं ती फक्त महत्त्वाचं बोलायला बसायची.

"सुकदेव, तू तठे चालना शे तं एक काम कर. दगडवर त्यास्नं नाव शे का, तेवढं देखी ये. व्हई तं व्हई सांग, नही तं नही सांग. मना मन राखाले खोटं नको सांगजो. मनी घागर अडेल शे."

मी तिच्या पायावर हात ठेवून कबूल केलं. खोटं सांगणार नाही. त्या शब्दाचा मला पुढे फार पश्चात्ताप झाला, आणि अजूनही ठरवता येत नाही की तो व्हायला हवा होता की नको.

इटलीत आम्ही दहा दिवस होतो. रोज एक रणभूमी, रोज एक स्मशान. यजमानांनी कार्यक्रमच तसा आखला होता. पहिल्या दिवशी पोरं फोटो काढत होती, बर्फाचे डोंगर बघून ओरडत होती. दुसऱ्या दिवशी एका टेकडीवरच्या स्मशानात आमच्या वर्गातल्या एका मुलीनं दगडांवरची वयं वहीत लिहायला सुरुवात केली. एकोणीस, वीस, एकोणीस, बावीस, अठरा. दीडशे लिहून झाली तेव्हा तिनं वही मिटली आणि मला विचारलं, "सर, आमचे बारावीचे दादालोक याच वयाचे ना?" मी हो म्हणालो. त्यानंतर पोरांनी आपसात मस्ती केली नाही. बसमध्ये बसली की खिडकीतून बाहेर बघायची. रात्री एक मुलगा ताप येऊन बरळला. प्रमिलाबाई म्हणाल्या, "सर, पोरांना इतकी मेलेली माणसं एका वेळी दाखवायची नसतात." त्यांचं खरं होतं. पण यजमानांना काय सांगणार?

सांग्रो नदीकाठचं स्मशान सातव्या दिवशी आलं. डोंगराचा उतार, ऑलिव्हची झाडं, खाली नदी, आणि पायऱ्यापायऱ्यांनी लावलेले पांढरे दगड. हजारो. इतकं नीट, इतकं झाडलेलं, की मला राग आला. माणसं चिखलात किडामुंगीसारखी मारायची आणि मग गवत कापून ठेवायचं. आपली हिंदू पोरं मात्र या दगडांखाली नाहीत. त्यांना तिथंच अग्नी दिला होता, आणि त्यांची नावं एका वेगळ्या स्मारकावर कोरलेली होती. पलटणीप्रमाणे, ओळीनं.

मी पोरांना काकांचं नाव सांगितलं आणि म्हणालो, वाचा. बाराच्या बारा त्या दगडाला चिकटली. मी मात्र लांब उभा राहिलो. एकोणपन्नास वर्षांचा माणूस, वर्गात शिरलो की पोरं चिडीचूप, आणि मी ऑलिव्हच्या झाडाआड उभा होतो. नाव नसावं असं वाटत होतं की असावं असं, ते मलाही कळत नव्हतं. नसलं तर जिजीची घागर अडलेलीच राहणार. असलं तर तिचं कुंकू मी पुसणार.

"सर, झुलाल वना!" कुणीतरी ओरडलं. लगेच दुसऱ्यानं त्याला गप्प केलं.

मी गेलो. बोट लावून वाचलं. दगड उन्हानं तापला होता. पोरांनी सोबत आणलेली पाण्याची बाटली माझ्या हातात दिली, का ते त्यांनाही सांगता आलं नसतं. मी ती त्या नावाखाली ओतली. सगळी. आणि मग त्या परक्या देशात, बारा विद्यार्थ्यांसमोर, मी हमसून रडलो. प्रमिलाबाई पोरांना घेऊन खाली गेल्या.

फाटकाजवळच्या भिंतीत एक लहान कपाट होतं, त्यात नोंदीचं पुस्तक होतं. स्मशान सांभाळणारा म्हातारा आणि इंग्रजी बोलणारी एक शिक्षिका आम्हाला ते उघडून दाखवत होते. प्रत्येक नावापुढे नंबर, पलटण, तारीख. काकांच्या नावापुढे आणखी एक ओळ होती. मी ती डायरीत उतरवून घेतली. वना पाटील यांचा मुलगा, भागाबाईचा पती, आणि गावाचं नाव, तालुका पारोळा, पूर्व खानदेश. जिजीचं नाव. इटलीतल्या पुस्तकात.

त्याच पानावर कितीतरी नावांपुढे अशी ओळ नव्हती. एका पोरानं कारण विचारलं. शिक्षिकेनं सांगितलं, लढाई संपल्यावर प्रत्येकाच्या घरी कागद पाठवला होता, आईबापाचं नाव, बायकोचं नाव, गाव. ज्यांच्या घरून भरून परत आला त्यांची ओळ इथं आहे. आला नाही त्यांचा फक्त नंबर आहे. मग मी तिथं उभं राहून पोरांना भाषण दिलं. म्हणालो, बघा, आपल्या लोकांना कागदाला उत्तर द्यायची सवय नाही, म्हणून आपली माणसं नुसते नंबर होऊन राहतात. बी.ए. बी.एड. झालेला मी, इतिहासाचा शिक्षक, पुरावा म्हणजे काय ते दरवर्षी पोरांना शिकवणारा. पुरावा माझ्या हातात होता आणि मी भाषण देत होतो.

परत आलो तेव्हा आखाजी तीन दिवसांवर होती. धुळ्याला उतरून घरी पिशवी टाकली आणि तसाच गावची बस धरली.

दुपारची वेळ. नाना ओट्यावर खाटेवर पडले होते. जिजी खाली बसून गहू निवडत होती. मला बघून तिनं सूप बाजूला ठेवलं, पदर सारखा केला, पण काही विचारलं नाही.

"शे, जिजी," मी म्हणालो.

"पक्कं त्यास्नंच?"

"बापनं नाव शे, गावनं नाव शे. बठ्ठं शे."

तिनं डोळे मिटले. रडली नाही. दोन्ही हात मांडीवर उताणे पडले होते, काम संपलेल्या बाईचे पडतात तसे. मग म्हणाली, "मंग यंदा घागर आनू." आणि नानांकडे बघितलं. नाना उठून बसले होते. त्यांनी मान हलवली. मला इतकं हलकं वाटलं की बस्स. वाटलं, वाईट बातमी दिली, आता तिला काहीतरी गोड द्यावं. मी डायरी काढली.

"आनि जिजी, तठे तुनं नाव बी शे."

"मनं नाव?"

"हां. पुस्तकमा. भागाबाईना नवरा, असं लिखेल शे."

त्या घरात तिचं नाव कुणी घेत नसे. नाना वहिनी म्हणत, मी जिजी म्हणायचो, गाव मोठी वहिनी म्हणायचं. ती माझ्याकडे बघत राहिली. तिला लिहिता-वाचता येत नाही. आयुष्यात ती पारोळा आणि धुळे यापलीकडे गेली नाही. तिनं एकच प्रश्न विचारला.

"तेस्ले मनं नाव कोनी सांगं?"

मी उत्साहानं सांगू लागलो. लढाई संपल्यावर तिकडून कागद आला होता, प्रत्येक घरी, मेलेल्याची माहिती विचारायला, बापाचं नाव, बायकोचं नाव, मग घरच्यांनी तो भरून… इथं मी डायरी मिटली. घरच्यांनी. आमच्या घरच्यांनी. मेलेल्याची माहिती. घरात लिहिणारा माणूस एकच होता.

मी नानांकडे बघितलं. जिजीनं आधीच बघितलं होतं.

नाना खाटेच्या काठावर बसले होते. पंच्याहत्तरीचा म्हातारा, सदऱ्याच्या बाहीनं सारखं तोंड पुसत होता. मला वाटलं नाकारतील. नाकारावं, असं मला मनापासून वाटत होतं. खोटं सांगा नाना, काहीही सांगा.

"पंचेचाळीसना पावसाया व्हता," ते म्हणाले. "पोस्टमननी वावरमा ईसन कागद मना हातमा दिधा. बरफ वितळना तव्हय भाऊनी लाश सापडनी, तठेच दहन करं, असं लिखेल व्हतं. हाऊ सुकदेव दोन महिनाना. याले बकरीनं दूध बी पचे ना. वहिनीना मांडीवर टाका तव्हयच गप व्हये. मी इचार करा, वहिनीले सांगं तं तिना बाप येई, पाट लावी देई. ती गयी तं हाऊ पोऱ्या मरी जाई."

"आबाले सांगं व्हतं?" मी विचारलं. आजोबा बावन्न साली गेले. शेवटचे आठ दिवस त्यांनी खाट दाराच्या तोंडाशी ठेवायला लावली होती, झुलाल आला तर आधी मला दिसावा म्हणून.

"कोनलेच नही सांगं. कागद बोरी नदीमा सोडी दिधा."

"मंग तो दुसरा कागद? तो काबर भरा?"

नाना पहिल्यांदा रडले. "भाऊनं नाव कोठे तरी ऱ्हावाले पाह्यजे व्हतं ना रे. पारोयाना वकिलना कारकूनकडथीन इंग्रजीमा भरी लिधा. बायकोनं नाव इचारेल व्हतं. अठे बठ्ठं खोटंच चालनं व्हतं. तठे तरी खरं लिखं."

जिजी उठली नाही, ओरडली नाही. मी तिचा हात धरायला गेलो, तिनं तो हळूच काढून घेतला. तिनं सूप पुढं ओढलं आणि पुन्हा गहू निवडायला घेतले. खडे बाजूला टाकत ती बोलली, जणू गव्हालाच सांगत होती.

"मना बाप गाडी जुपीसन उना व्हता. मी त्याले उंबरामा सांगं, ते जित्ता शेतस. तुम्ही तठेच हुभा व्हतात, नाना. या पोऱ्याले कडेवर लीसन. तुम्ही तठेच हुभा व्हतात."



ते तीन दिवस मी गावीच राहिलो. शाळेला सुट्टी होती आणि जाववत नव्हतं. जिजीनं दुसऱ्या दिवशी सकाळी कुंकू लावलं नाही. मंगळसूत्र काढून देवळीत ठेवलं. बांगड्या कुणी फोडल्या नाहीत, तिनंच तेल लावून उतरवल्या. शेजारच्या बायका सांत्वनाला आल्या, पन्नास वर्षांपूर्वी मेलेल्या माणसासाठी काय बोलायचं ते त्यांना सुचेना, त्या नुसत्या बसून गेल्या. नानांना ती वेळेवर भाकरी वाढत होती. पण पूर्वी ताट ठेवून ती समोर बसायची, आणखी वाढू का म्हणायची. आता ताट ठेवायची आणि निघून जायची. नाना दोन दिवसांत अर्ध्यावर आले. मला त्यांचा संताप येत होता आणि कीवही येत होती, आणि सगळ्यात वाईट म्हणजे त्यांच्याबद्दल मनात कृतज्ञता होती. त्यांनी ते पत्र नदीत सोडलं नसतं तर कदाचित मी नसतोच. हे मी कुणाला सांगणार?

आखाजीला जिजी पहाटेच कुंभाराकडे गेली आणि स्वतः डोक्यावर घागर घेऊन आली. आम्ही कुणी सोबत यावं असं तिला वाटत नव्हतं. घागर धुतली, विहिरीचं पाणी भरलं, काठोकाठ. पाटावरच्या गव्हाच्या राशीवर ती ठेवली. खरबूज, आंबा, सांजोरी. चार घागरी ओळीनं झाल्या.

गोवऱ्या पेटल्या. नाना अंघोळ करून आले आणि सवयीनं आगारी टाकायला पाटावर बसले. आजोबांची, आजीची, माझ्या आईची आगारी त्यांनी टाकली. चौथ्या घासाला त्यांनी हात पुढे केला.

"नाना, तुम्ही उठा," जिजी म्हणाली.

नाना उठले. हातातला घास त्यांनी ताटात परत ठेवला. पाट रिकामा झाला तसा मी पुढे झालो. पुतण्या म्हणजे मुलासारखाच, हक्क माझाच होता.

"तू बी नको."

बायकांनी आगारी टाकलेली मी आमच्या गावात कधी बघितली नव्हती. दारात उभी असलेली शेजारीण तोंडावर पदर घेऊन बघत होती. जिजी पाटावर बसली. पोळी मोडली, तूप घातलं, निखाऱ्यावर ठेवली. धूर वर गेला. मग तिनं घागरीकडे तोंड करून, पन्नास वर्षांत पहिल्यांदा, नवऱ्याचं नाव घेतलं. मोठ्यानं, वर्गात हजेरी घेतात तसं.

"झुलाल वना. पानी पे."

एवढंच. मग पदरानं डोळे पुसले आणि उठून स्वयंपाकाला लागली.

दुपारी तिनं मला वाढलं. नाना जेवायला आलेच नाहीत, खळ्यात जाऊन बसले होते. ताटात खापरावरची पुरणपोळी, आमरस, कुरडई. मी पोळीचे तुकडे नुसते मोडत होतो. गेले तीन दिवस एक प्रश्न मला कुरतडत होता. तो विचारू नये एवढी अक्कल मला होती. तरी विचारला. एकोणपन्नास वर्षांचा बाप्या, पण पाच वर्षांच्या पोरासारखा विचारला, आणि पोराला हवं असतं तेच उत्तर मला हवं होतं. नही रे, तुले सोडीसन मी कथा जाती, एवढंच तिनं म्हणायचं होतं. खोटं म्हणाली असती तरी चाललं असतं.

"जिजी, तो कागद तुले तव्हयच भेटता, तं तू गयी असती का?"

ती माझ्यासमोर बसली. माझ्या तोंडाकडे नीट बघितलं. त्या बघण्यात राग नव्हता, हे मला आजही शपथेवर सांगता येईल.

"हां," ती म्हणाली. "गयी असती."

मी मान खाली घातली.

"तू रडता ऱ्हाता तरी गयी असती," ती म्हणाली. "मी एकवीस वरीसनी व्हती, सुकदेव."

मग तिनं माझ्या ताटात तूप वाढलं आणि म्हणाली, जेव, पोळी गार व्हई ऱ्हायनी. मी जेवलो. ती दुसरी पोळी आणायला चुलीकडे गेली.